मूळ प्रतीत नसलेली ओळ

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, दोनशे बाराव्या पानाच्या सोळाव्या ओळीवर तिची पेन्सिल अडखळली. अडखळणं हाच तिचा धंदा होता म्हणा. छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या लिहिण्यात अडखळत आली होती. अडखळलं की समासात एक खूण करायची आणि पुढे चालू लागायचं. आत्ताही तिने सवयीने डाव्या हाताने समासात लिहायला घेतलं, ‘मोजणीदार बेटावर आठच महिने होता. सतरा वर्षं कुठून आली? शिवाय तो होडीत आणि ही काठावर, मग कोपर’, आणि कोपर या शब्दापाशी तिचा हात थांबला. तिने ती ओळ पुन्हा वाचली. कादंबरीतल्या मोजणीदाराने दोरवाल्याच्या मुलीला लिहिलेल्या पत्रात, छपाईच्या खिळ्यांत नीट जुळवलेली, शाई सारखी बसलेली ती ओळ अशी होती: ‘तू लिहायला लागलीस की तुझं डावं कोपर माझ्या बाजूला येतं, आणि गेली सतरा वर्षं मी माझी खुर्ची तेवढीच लांब ठेवत आलो आहे.’ तिने आपल्या डाव्या कोपराकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेबाहेर आलं होतं, नेहमी यायचं तसंच. त्याच्यापलीकडे वीतभर जागा, आणि त्या जागेपलीकडे वाचकांची, म्हणजे तिला मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या गृहस्थांची, खुर्ची. खुर्ची रिकामी होती. वाचक चहा सांगायला गेले होते.

लेखकाला शंका विचारण्याआधी मूळ प्रत बघायची, हा नियम. हा नियम तिचाच, आणि तो मोडणाऱ्याला ती फाडून खायची. मूळ प्रत म्हणजे सात वह्या. लेखिका भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. अक्षर गोल, शाई निळी, समास पट्टीने आखलेला, आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दोन्ही बेटांचा छोटासा नकाशा, जणू वाचणारा वाटेत हरवेल. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. भर समुद्रात दोन बेटं, थोरलं आणि धाकटं, मध्ये पाण्याला जोराची ओढ असलेली खाडी, आणि बाहेरच्या जगाची बोट दर सहा आठवड्यांनी. समुद्राची खोली मोजायला एक मोजणीदार थोरल्या बेटावर येतो. दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचं, शिशाच्या पोकळीत चरबी भरलेली, म्हणजे तळाला वाळू आहे की शिंपल्या तेही चिकटून वर येतं. होडीतून तो आकडे ओरडतो आणि काठावर बसून दोरवाल्याची मुलगी ते वहीत उतरवते. एका सकाळी त्याची होडी थोरल्या बेटाच्या काठाला रिकामी सापडते, बांधलेली. आणि ती गाठ मोजणीदाराला येतच नव्हती. त्याला कोणी मारलं, यावर मग सगळं बेट एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतं. हे सगळं तिला ठाऊक होतं ते कानावरून गेलं म्हणून, लक्ष देऊन ऐकलं म्हणून नव्हे. तिने पाचवी वही उघडली. पत्र सापडलं. ‘काल तुझ्या वडिलांच्या दोरखंडाला डांबराचा वास येत होता.’ आणि लगेच पुढे, ‘बोट सहा आठवड्यांनी येईल.’ मध्ये काही नव्हतं. मुंगीला टेकायलासुद्धा जागा नव्हती.

मग तिला मंगळवार आठवला, म्हणजे मंगळवारचा आवाज आठवला. त्यांचं काम असं चालायचं: वाचक मूळ प्रत मोठ्याने वाचायचे आणि ती कच्च्या छपाईवर पेन्सिल फिरवत जायची. स्वल्पविराम आला की ते नुसतं ‘स्वल्प’ म्हणत. वाक्य संपलं की बोटाच्या पेराने टेबलावर एकदा टक. परिच्छेद संपला की दोनदा. त्यावरून सगळा छापखाना त्यांना टकटक म्हणायचा, आणि फोरमन तर तोंडावरही. त्यांचा आवाज सपाट, इस्त्री केलेला. खून असो, लग्न असो, पाकक्रिया असो, सगळं एकाच पट्टीत. तिला तो तसाच हवा असायचा, कारण तिचा दुसरा नियम असा की अर्थ आत येऊ द्यायचा नाही. अर्थ आत आला की डोळा त्याच्यामागे पळत सुटतो आणि चूक निवांत निसटते. त्यामुळे चारशेवर पुस्तकं वाचून झाली, पण एकाचीही गोष्ट तिला सांगता आली नसती. मंगळवारी त्या जागी ती म्हणाली होती, “थांबा, इथे सुटलंय.” वाचकांनी विचारलं होतं, “कुठून?” “वास येत होता, याच्या पुढचं.” मग त्यांनी ती ओळ पुन्हा सांगितली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, ‘माझ्या बाजूला येतं स्वल्प आणि गेली सतरा वर्षं’, शेवटी एक टक. तिने ती समासात नीट उतरवली, डाव्या हाताने, कोपर बाहेर काढून. “झालं?” ते म्हणाले होते. आणि ती म्हणाली होती, “झालं. पुढे.” पुढे म्हणाली होती! एखादी बाई दारात आलेल्या माणसाकडून टपाल घेऊन दार लावून घेते, तशी. आता दोन दिवसांनी त्या ओळीचे खिळे जुळले होते, जुळाऱ्याने बिचाऱ्याने तीत एकही चूक केली नव्हती, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

चूक झाली असेल, तिने स्वतःला बजावलं. वय झालंय त्यांचं, एकोणसाठ. डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरतो. पण घसरायला दुसरी ओळ तर हवी. तिने सातही वह्या पुढे ओढल्या, आठवडाभराची कच्ची छपाई काढली आणि आपण समासात भरलेल्या एकूण एक सुटलेल्या जागा पडताळून पाहिल्या. सव्वीस जागा. पंचवीस मुळात होत्या, शब्दाला शब्द. एक नव्हती. सतरा वर्षांत या माणसाने एक अक्षर इकडचं तिकडे वाचलं नव्हतं, आणि वाचलं ते हे. तिने टोकदार पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं, उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. छातीत एवढी धडधड चालली होती की पलीकडचं छपाईयंत्र बंद आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. काय हे, ती स्वतःवरच डाफरली, एक्कावन्न वय तुझं. पण तोंडावरचं हसू काही जाईना. आणि मग सोमवार आठवला आणि हसू गेलं. सोमवारी फोरमनने दारातूनच सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून एकट्यानेच तपासायचं ठरलंय, वाचक ठेवायचे नाहीत, हे बेटांचं पुस्तक शेवटचं. वाचक नुसतं “बरं” म्हणाले होते. मग वही उघडता उघडता, हवेवर बोलल्यासारखं, “भाचीकडे जातो म्हणतो कायमचा. ती कधीची बोलावतेय. रविवारची गाडी आहे.” आणि तिने, या शहाणीने, विचारलं होतं, “कोणतं पान?” त्यांची बायको जाऊन वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या डब्यात काय असतं हे तिला माहीत होतं, चष्म्याची डावी काडी केव्हा बदलली हे माहीत होतं, पण तिने त्यांना कधी एक प्रश्न विचारला असेल तर तो पानाचा.

वाचक चहाचे दोन पेले घेऊन आले. तिने हात पानावर आडवा ठेवला. “काही अडलंय का, बाई?” त्यांनी विचारलं. “नाही. दोनशे बारावर आहे,” ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. वाचकांनी पेला ठेवला. खरं तर ठेवला म्हणण्यापेक्षा टेकवला आणि धरूनच राहिले. मग चष्मा काढून पुसला, जो त्यांनी पाच मिनिटांपूर्वीही पुसला असणार. “बरं,” ते म्हणाले. त्या बरंमध्ये सोमवारच्या बरंपेक्षा काहीतरी जास्त होतं, पण काय ते तिला वाचता येईना. छापलेलं असतं तर वाचलं असतं. चहा दोघांनीही समोर बघत घेतला. समोर भिंत होती. त्या भिंतीवर तिला धाकटं बेट दिसत होतं, काळ्या खडकाचं, पांढऱ्या पाखरांचं, ज्याच्याकडे तिने आठवडाभर ढुंकून पाहिलं नव्हतं.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण अशा दोघीच. बहीण दातांच्या दवाखान्यात मदतनीस. दिवसभर लोकांना आ करायला सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः तोंड मिटायचं नाही. त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता बहिणीने तीनदा काहीतरी विचारलं आणि तिन्ही वेळा उत्तर आलं नाही. “काय गं ताई, कुठे तंद्री लागलीय? दुखतंय का काही?” ती म्हणाली, “एक पुस्तक वाचतेय.” बहिणीने सुरी खाली ठेवली. “तू? वाचतेस? म्हणजे गोष्ट?” आणि खो खो हसत सुटली. “तुला कोणी प्रेमपत्र लिहिलं तर तू त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत करशील, असं आई म्हणायची.” म्हणाली आणि जीभ चावली, कारण तसं खरंच झालं होतं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. टंकलेखनाच्या वर्गातला एक उंच मुलगा, त्याने वहीत घालून दिलेली दोन पानं. तिने ती घरी आणून चार चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि दुसऱ्या दिवशी हसून परत दिली. तिला वाटलं होतं, तिने ती किती मन लावून वाचली हे त्याला कळेल. त्याला वेगळंच कळलं. त्याने वर्ग बदलला, आणि तिने अर्थ आत येऊ न देण्याचा नियम केला. छापखान्यातली एकवीस वर्षं तिने हे कामाच्या शिस्तीचं तंत्र म्हणून नवशिक्यांना शिकवलं होतं. बहीण ओशाळून म्हणाली, “तसं नव्हतं म्हणायचं मला.” “तसंच होतं,” ती म्हणाली, पण राग न येता. तिला राग यायला वेळच नव्हता. तिच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता: शुक्रवार, शनिवार दुपारपर्यंत, आणि मग गाडी. ओळ कापली तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा होईल. ओळ ठेवली तर एका भल्या बाईच्या पुस्तकात खोटी ओळ छापून जाईल, आणि एकवीस वर्षांची इभ्रत तिच्याबरोबर. आणि दोन्हीपैकी काही न करता गप्प बसली तर वाचक पेटी उचलून निघून जातील आणि ती एकटीने, मनातल्या मनात, स्वल्प म्हणत बसेल.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. वाचक पाय मोकळे करायला बाहेर गेले तसा तिने आजवर कधी न केलेला गुन्हा केला: सातवी वही काढली आणि पुढचं वाचायला लागली, पेन्सिलीशिवाय, भराभर, पान संपायच्या आत पुढचं पान चिमटीत धरून. होडी रिकामी का आली ते तिला कळायलाच हवं होतं. आणि कळलं. मोजणीदाराला कोणी मारलंच नव्हतं. तो धाकट्या बेटावर जाऊन राहिला होता आणि त्याने भरतीचं पाणी बघून होडी मुद्दाम रिकामी सोडून दिली होती, दोरवाल्याच्या मुलीसाठी. तू ये, एवढंच त्याला म्हणायचं होतं; आणि भरतीने होडी बरोबर तिच्या पायाशी आणून लावली होती. आणि त्या मुलीने काय करावं? वाकून दोर उचलला, आपल्या बापाच्या पद्धतीची पक्की गाठ मारली आणि घरी गेली. सहा आठवड्यांची बोट आली, धाकट्या बेटावरून त्याला घेऊन गेली. पुढे चाळीस वर्षं बेट खुन्याला शोधत राहिलं आणि ही गप्प. “अगं बस ना बये होडीत,” ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. तिला त्या मुलीला गदागदा हलवावंसं वाटलं. एवढी छान गाठ मारता येते म्हणून मारायचीच का? वही मिटताना तिच्या लक्षात आलं की मंगळवारी समासात ती ओळ लिहून तिने शेवटी पूर्णविरामाचं टिंब दोनदा गिरवलं होतं, पक्कं दिसावं म्हणून. तिने कच्च्या छपाईची ती पट्टी शोधून काढली, समासाचा तेवढा तुकडा फाडला आणि पर्समध्ये ठेवला. मग दोनशे बारावं पान समोर घेतलं, सोळावी ओळ आडवी कापली आणि बाहेर लिहिलं, ‘मूळ प्रतीत नाही.’ पुस्तक लेखिकेचं होतं. त्यात दुसऱ्या कोणाची होडी बांधून ठेवायचा तिला अधिकार नव्हता.

पानं क्रमाने लावून फोरमनकडे द्यायचं काम वाचकांचं. संध्याकाळी ते लावत होते, दोनशे दहा, दोनशे अकरा. दोनशे बारा त्यांच्या हातात थांबलं. फार नाही, एक ओळ वाचायला लागेल तेवढंच. मग ते गठ्ठ्यात गेलं, गठ्ठा टेबलावर दोनदा ठोकून कडा जुळवल्या गेल्या. “उद्या शेवटचं प्रकरण राहिलं,” ते म्हणाले, त्याच इस्त्रीच्या आवाजात. सांगावं का आत्ता? तिच्या ओठांवर आलं होतं. पण खोलीत फोरमन उभा होता, आणि तिला बोलायची सवय नव्हती. तिला होती ती खुणा करायची. जिना उतरताना आत कुठेतरी, परीक्षेच्या आदल्या दिवशी यायची तसली, एक घाबरी खुशी उसळत होती. तिला आता काय करायचं ते माहीत होतं.

शनिवारी ती अर्धा तास आधी आली. वाचकांच्या खुर्चीखाली लाकडी जमिनीत चार खळगे पडले होते, सतरा वर्षांचे, पायांच्या मापाचे. ती वाकून बघत असतानाच ते दारात आले. हातात आज डबा नव्हता. “बसा,” ती म्हणाली. “आज मी वाचते. तुम्ही पेन्सिल धरा.” वाचक गोंधळले. “मला कुठे येतात खुणा, बाई.” “सतरा वर्षं शेजारी बसून बघताय ना?” ती म्हणाली, आणि सतरावर तिने जरा जोर दिला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, पेन्सिल घेतली, बसले. तिने सातवी वही उघडली. आपला आवाज एवढा वेळ सलग तिने कधी ऐकला नव्हता. तो सपाट नव्हता, काही केल्या होईना. भरती चढत होती, होडी येत होती, स्वल्प, पाखरं ओरडत होती, टक. तिच्या डाव्या हाताचं पेर लाकडावर वाजलं की वाचकांची पेन्सिल किंचित दचकायची. ‘तिने दोर उचलला आणि गाठ मारली’, टक. पुढचं वाक्य होतं, ‘आणि ती घरी गेली.’ तिने ते वाचलं नाही. वहीवरची नजर न हलवता ती म्हणाली, “ती मोठ्याने म्हणाली स्वल्प तुम्ही रविवारच्या गाडीने जाऊ नका,” आणि टेबलावर एकदा टक केलं.

“थांबा,” वाचक म्हणाले. “इथे सुटलंय.” “कुठून?” “गाठ मारली, याच्या पुढचं.” “लिहून घ्या मग,” ती म्हणाली, आणि पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ते वाकून समासात लिहू लागले, कधी न लिहिणाऱ्या माणसाचं थरथरतं अक्षर, आणि गाडीने या शब्दावर त्यांची पेन्सिल अडली. “बाई, इथे लेखिकेला शंका विचारायला हवी,” ते गंभीरपणे म्हणाले. “बेटावर गाडी कुठली? बोट पाहिजे.” “गाडीच आहे,” ती म्हणाली. “अहो पण चारी बाजूंनी समुद्र, दीडशे वर्षांपूर्वी...” आणि वाचक थांबले. पलीकडे यंत्र चालू होतं आणि खिडकीची काच बारीक थरथरत होती. त्यांनी आपणच लिहिलेली ओळ पहिल्यापासून वाचली, ओठ हलवत. मग चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. त्यांनी विचारलं, “मूळ प्रतीत आहे हे?” “नाही,” ती म्हणाली. “तुमचं तरी कुठे होतं?”

वाचक उठले. तिला वाटलं, गेले. पण त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, खळग्यांमधून बाहेर काढली आणि वीतभर अलीकडे ठेवून बसले. सपाट जमिनीवर खुर्ची डुगडुगली. इतकी वर्षं खळग्यांत बसून तिचे पाय वेडेवाकडे झिजले होते. त्यांनी तोल सावरायला टेबलाची कड धरली. एवढ्यात फोरमन दारात आला. “झालं का, बाई? यंत्र मोकळं होतंय.” “एक ओळ कापायची राहिलीय,” ती म्हणाली. “आणि अर्धं पान वाचायचं. देते दहा मिनिटांत.” तो गेला. तिने वाचकांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि डाव्या हाताने त्यांची ती वेडीवाकडी ओळ हलकेच कापली, अक्षरं खालून वाचता येतील अशी. कोपर नेहमीसारखं बाहेर गेलं. तिथे आता जागा नव्हती, वाचकांची बाही होती. दोघांपैकी कोणीच हात मागे घेतला नाही. छापलेल्या कागदाकडे बघत वाचक हळूच म्हणाले, “तिकिटाची खिडकी चारला बंद होते. परत करायचं तर त्याआधी पोचायला हवं.”

“मी पण येते,” ती म्हणाली. वहीतली ओळ तिने बोटाने शोधली आणि पेन्सिल पुन्हा त्यांच्या हातात दिली. “पुढे.”